कोरडी चेन

"लोरीसला शर्यतीतून हाकला! माझ्या सायकलीला त्यानंच हात लावलाय!"

ओर्नेलाच्या आवाजानं चर्चचं अंगण दणाणलं. शर्यत तासाभरावर आली होती. जिंकणाऱ्याला शहराच्या संघात जागा होती आणि हिच्या स्वस्तातल्या सायकलीचा मागचा गिअर रुसला होता. केबल ताणली की चेन मोठी चकती ओलांडून आऱ्यांकडे धावे, सैल केली की छोट्या चकत्यांवर खडखडाट.

गुप्तहेर देल्मिनाबाई सायकलीपाशी उकिडव्या बसल्या. त्यांचे दीर उगो मागे उभे.

"वहिनी, केबल कुरतडलीय कुणीतरी," उगोंनी निकाल दिला.

"भावजी, केबल नवीकोरी आहे. स्क्रूवर ओरखडासुद्धा नाही."

"कालच बसवली मी," मेकॅनिक प्रिमो म्हणाला. "संध्याकाळी झकास चालत होती."

लोरीसचे डोळे भरून आले होते. "सकाळी सगळ्यांनी सायकली पायऱ्यांवर आडव्या ठेवल्या, फादरनी आशीर्वाद म्हणून पवित्र पाणी शिंपडलं. मी हिच्या सायकलीकडे फिरकलोही नाही. लहानपणापासूनची मैत्रीण, आणि मला चोर ठरवते!"

त्याच्या सायकलीच्या चेनवर थेंब अजून चमकत होते. उगोंना त्यात विशेष काही वाटलं नाही.

"पोरीची सायकल पायऱ्यांवर मी नेली होती," ओर्नेलाचे आजोबा ओरेस्ते म्हणाले. "जिवापाड जपली हो!"

देल्मिनाबाई ओर्नेलाच्या सायकलीच्या उजव्या पेडलवरचं मेण नखानं खरवडत होत्या. त्या एकदम हसल्या.

"चोर नाहीच कुणी! भावजी, चेन असते उजवीकडे. लोरीसची ओली, हिची कोरडी ठणठणीत. हिच्या डाव्या बाजूवर मात्र थेंब. आणि पायऱ्यांवर सांडलेलं मेणबत्तीचं मेण चिकटलं उजव्या पेडलला. म्हणजे हिची सायकल उलट्या कुशीवर निजली होती. चेन सरकवणारा डिरेलर दगडावर दाबला गेला आणि तो लटकतो ती पट्टी आत वाकली. मग केबल कितीही पिळा, एक टोक जमलं की दुसरं बिघडणार!"

आजोबांच्या हातातली टोपी चुरगळली. "पाण्यानं चेन गंजेल म्हणून मीच... पोरी, मी घात केला तुझा."

"घात कसला? प्रिमो, पाना आण!"

प्रिमोनं पट्टी हळूच सरळ केली. गिअर खालीवर बिनबोभाट फिरले. ओर्नेलानं मान खाली घालून लोरीसचा हात धरला. "चुकलं माझं."

"शर्यतीत दाखव काय ते," तो नाक पुसत म्हणाला.

नदीच्या बांधाच्या चढावर दोघं बरोबरीनं आले. ओर्नेलानं गिअर टाकला, चेन अलगद मोठ्या चकतीवर चढली आणि पोरगी सुटली! उगो घसा फाटेस्तोवर ओरडले.

शेवटची रेघ तिनं पहिली ओलांडली. आजोबांनी तिला मिठी मारली, मग सायकल हळूच आडवी केली, चेन वर ठेवून.

"फादर, या," ते रडत रडत हसले, "आता शिंपडा हवं तेवढं. पुसायला मी आहे."