वीस सेकंदांचा नियम

“हा घातपात आहे,” फर्गल डॅली तिसऱ्यांदा म्हणाला, “आणि करणारी बाई याच इमारतीत बसते.”

कॉर्क शहरातल्या ग्लेनमोर दूरचित्रवाणीवर पडद्यावरच्या सादरीकरणाची जबाबदारी डॅलीकडे होती. समोर खाजगी गुप्तहेर फिनबार कोकली शांतपणे चहा पीत होता. त्याची मदतनीस नोरीन टूमी वहीत टिपणं घेत होती. मन मात्र सासूकडे ठेवलेल्या बाळात होतं.

“झालंय काय, ते सांगा,” फिनबार म्हणाला.

तीन आठवड्यांपूर्वी वाहिनीचं रूप बदललं होतं. नवं बोधचिन्ह आलं आणि कार्यक्रमांची ओळख आता यंत्रातला ध्वनिमुद्रित आवाज करून देऊ लागला. तीस वर्षं पडद्यावर येऊन ते काम करणाऱ्या इमेल्डा क्रॉली यांना फक्त अडीअडचणीपुरतं ठेवलं होतं, तेही उद्याच्या शुक्रवारपर्यंत. आणि नव्या यंत्राच्या तिसऱ्या दिवसापासून, वाहिनीवरून रोज संध्याकाळी सहाला ऐकवल्या जाणाऱ्या प्रार्थनेच्या घंटेआधी चित्र जाऊ लागलं होतं.

“आमचा जुना नियम आहे. चित्र वीस सेकंदांहून जास्त गेलं, तर निवेदकाने स्वतः पडद्यावर येऊन माफी मागायची. म्हणजे रोज पुन्हा मिस क्रॉली! मी आजच तिला घरी बसवणार. उद्याचा निरोपबिरोप काही नाही. पण पुरावा हवा.”

“चित्र तोडायची कळ कुठे आहे?”

“दोन ठिकाणी. तिच्या खोलीत, आणि काचेपलीकडे तंत्रज्ञ कॉन ल्यूसीच्या यंत्रखोलीत. नवं यंत्र बसतंय म्हणून तीन आठवडे आम्हा तिघांनाही सुट्टी नाही.”

डॅलीने बिघाडांची वही पुढे सरकवली. फिनबारने ती नोरीनला मोठ्याने वाचायला लावली. पंचवीस सेकंद. सत्तावीस. चोवीस. एका रविवारी हर्लिंगचा सामना लांबला, घंटा नऊ मिनिटं उशिरा झाली, आणि बिघाडही नऊ मिनिटं उशिरा आला. बुधवारी मात्र एकदाही चित्र गेलं नव्हतं.

“बुधवारी यंत्राचा उपास असेल,” नोरीन म्हणाली.

“असेलही,” फिनबार म्हणाला. हसला नाही.

यंत्रखोलीत कॉन ल्यूसी सोडाब्रेडचा तुकडा लोण्याने माखत होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, डोळे जागरणाने लाल.

“नवं यंत्र म्हणजे नवी नवरी, बाबा. नखरे करणारच. तापतं, बंद पडतं.”

“मिस क्रॉलींवर संशय आहे म्हणतात.”

कॉनची सुरी क्षणभर थांबली. “लोक काय, काहीही म्हणतात.”

नोरीनचं लक्ष भिंतीवरच्या फोनकडे गेलं. “सासूबाईंना एक फोन करू का? बाळाला जरा कणकण होती सकाळी.”

“करा की, ताई. माझा साडेसहाचा सोडून केव्हाही. आई नन्सच्या वृद्धाश्रमात असते, जेवली का म्हणून विचारतो. बुधवारी तर तोही नसतो. सगळ्या म्हाताऱ्या सहाच्या आधीपासून प्रार्थनाघरात जपमाळ घेऊन बसतात.”

बाळ झोपलं होतं. नोरीनचा जीव भांड्यात पडला.

मिस क्रॉली आरशासमोर बसून शब्दकोडं सोडवत होत्या. नाकावर जाड चष्मा होता.

“चित्र गेलं त्या पहिल्या दिवशी या चष्म्यासकटच पडद्यावर गेले,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. बेचाळीस पत्रं आली. एकीने लिहिलं, बाई, तुम्ही म्हाताऱ्या कधी झालात?”

“आणि आता?”

“आता साडेपाचलाच चष्मा खणात टाकते आणि खुर्चीत जाऊन बसते.”

नोरीनने फिनबारकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

“पडद्यावर काय म्हणता?”

“माफी मागते. मग सवयीने, ‘चला, टेबलाशी बसा, घंटा होतेच आहे.’ तीस वर्षं हेच म्हणत आले. नव्या आवाजाच्या मजकुरात ते घेतलं नाही.”

बाहेर येताच नोरीन पुटपुटली, “तीच आहे. आधीच तयार होऊन बसते.”

“पहिल्या दिवशी का नव्हती?” फिनबार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “चल, लवकर आटपू. मला हे काम आवडलेलं नाही.”

साडेचारला मिस क्रॉली आणि कॉनही डॅलीच्या खोलीत जमले.

“बिघाडाला नियमपुस्तक वाचता येत नाही,” फिनबारने सुरुवात केली. “पण हा बिघाड वीस सेकंदांच्या आत कधी संपला नाही, आणि घंटेला त्याने कधी धक्का लावला नाही. यंत्र तापून बंद पडलं असतं, तर सामना लांबला म्हणून ते नऊ मिनिटं थांबलं नसतं. म्हणजे हे माणसाचं काम. आणि त्या माणसाला पडद्यावर चेहरा हवा होता. डॅलीसाहेब, तुम्हाला तर तो नकोच होता.”

“मग हीच!”

“तीस वर्षं लपवलेला चष्मा घालून ही बाई स्वतःहून पडद्यावर जाईल? पहिला बिघाड येणार हे तिला ठाऊक नव्हतं. शिवाय तिला लोकांनी पाहावं असं वाटलं असतं, तर बुधवार का सोडला? बुधवारीही तेवढेच लोक बघतात.” तो थांबला. “फक्त एक प्रेक्षक कमी असतो. ती त्या वेळी प्रार्थनाघरात जपमाळ घेऊन बसलेली असते.”

कॉनने मान खाली घातली.

“आईला आता दिवस-रात्र कळत नाही,” तो म्हणाला. “मलाही ओळखत नाही. पण या बाईंनी टेबलाशी बसा म्हटलं की जेवायची. तो यंत्रातला आवाज आला आणि दोन दिवस ती चमचा धरून बसून राहिली. म्हणायची, बाई आल्या नाहीत, म्हणजे अजून सहा वाजले नाहीत.”

“मिस क्रॉलींवर आळ आला, तेव्हा?”

“उद्यापर्यंतच तर होतं सगळं. म्हटलं, निभेल.”

“मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं,” मिस क्रॉली हळूच म्हणाल्या. “काचेतून तुमचा हात दिसला, कॉन. मी गप्प बसले. तुमच्या आईसाठी नव्हे, तिचं मला कुठे ठाऊक होतं? मला कुणीतरी पुन्हा बोलावतंय, एवढ्यानेच बरं वाटलं.”

डॅलीने कॉनकडून किल्ल्या मागून घेतल्या. आरडाओरडा झाला नाही.

गाडीत नोरीन म्हणाली, “यंत्रावर ढकललं असतं तर?”

“डॅलीने मानलं नसतं. मिस क्रॉलींचा शुक्रवार गेला असता.”

“आणि आता म्हातारीचं जेवण जाणार.”

फिनबारने गाडी ली नदीवरच्या पुलावर घेतली.

शुक्रवारी मिस क्रॉलींनी चष्मा लावून निरोप घेतला. शेवटी म्हणाल्या, “चला, टेबलाशी बसा.”

सोमवारी नोरीन बाळाला भरवत होती. समोर टीव्ही चालू होता. नवा आवाज सुरेख होता. तो सहाच्या घंटेची सूचना देऊ लागला आणि चित्र गेलं.

हा बिघाड खराच होता. कळ दाबायला तिथे आता कॉन नव्हता.

नोरीन नकळत मोजू लागली. अठरा. एकोणीस. वीस.

तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं. पंचवीस झाले. तीस झाले. कुणी आलं नाही.

बाळ तोंड उघडून वाट पाहत होतं. भरलेला चमचा तिच्या हातात तसाच राहिला होता.