डीपीला लावलेला कान

राजेश्वरीनं भर उन्हात डीपीच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, जाळीच्या कुंपणाला कान लावला होता आणि तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "काय ऐकू येतंय का... का नुसताच चटका बसतोय?"

ती दचकून मागं झाली. कान खरंच भाजला होता. मोटरसायकलवर बसूनच एक पाय जमिनीला टेकवून एक उंच, सावळा तरुण तिच्याकडं बघत होता. गळ्यात वीज कंपनीचं ओळखपत्र, डोळ्यांत हसू.

"डीपी गुणगुणतो ना, ते ऐकतेय," ती म्हणाली. "जळायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. कुणी ऐकतच नाही."

"आमी ऐकतो की. धडाम झाल्यावर." त्यानं गाडी स्टँडवर लावली. "मी बिरुदेव. ह्या भागाचा इंजिनिअर. तुमी जाळीपासून दोन हात लांब उभं ऱ्हावा, मग काय गाणं ऐकायचं ते ऐका."

अशी ती ओळख झाली. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेलच्या कारखान्यांच्या वस्तीत, मागांच्या खटखटाटात, दुपारी. प्रेमात पडायला याहून रुक्ष जागा शोधूनही सापडायची नाही.

राजेश्वरी सोलापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएच.डी. करत होती. डीपीच्या पोटात चाललेली कुरबूर वेळीच ओळखून आधी सांगणारी एक छोटी पेटी तिनं बनवली होती. पेटी चालते की नाही हे बघायला खरा डीपी हवा होता. कंपनीची परवानगी आली आणि डीपी मिळाला तो बिरुदेवच्या भागातला. मग आठवड्याला एक फेरी ठरून गेली. वायरमन मंडळी त्या पेटीला 'म्याडमचा डॉक्टर' म्हणू लागली. डॉक्टर कधी खरं बोलायचा, कधी थापा मारायचा.

बिरुदेवचा एक नियम होता. डीपी बंद करून वर चढलेला माणूस कुणीही असो, खाली आल्यावर त्यानं समोर उभं राहून आपल्या तोंडानं 'उतरलो' म्हणायचं. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय फ्यूज बसत नसत. नोकरीच्या पहिल्याच वर्षात एक वायरमन वर असताना खालून कुणीतरी 'सगळे उतरले' असं ओरडलं होतं. तो माणूस वाचला, पण त्याचा हात गेला. बिरुदेवनं हे तिला एकदाच सांगितलं, तेही शिडी घट्ट धरून, दुसरीकडं बघत. त्या दिवसापासून ती त्याच्याकडं जरा जास्तच बघू लागली.

तो तिला पाना द्यायचा तो नेहमी मूठ तिच्याकडं करून. हेल्मेट उन्हात तापू नये म्हणून ते कडुलिंबाखाली ठेवायचा. एवढंच... पण माणूस एवढ्यावरही झुरतो. ती झुरत होती आणि ते झुरणं ती दुधनीच्या मावसबहिणीला फोनवर सांगायची, कानडीत, बिनधास्त, त्याच्यापासून चार पावलांवर उभी राहून. घरची भाषा कानडीच होती तिची. आणि हा गडी सांगोल्याकडचा, मेंढरांच्या घरातला. याला कानडीचा गंध असण्याचं कारणच काय!

"आज निळा शर्ट घातलाय, बरा दिसतोय," ती म्हणायची. "मिशी मात्र कापायला सांगायला पाहिजे गं." बिरुदेव शांतपणे तारा गुंडाळत असायचा.

वर्ष असं सरलं आणि बेंगळुरूहून मेल आला. एका मोठ्या प्रयोगशाळेनं तिला पेटीसकट बोलावलं होतं, तीन वर्षांसाठी. इकडं कॉलेजही शिकवायची नोकरी द्यायला तयार होतं. तिनं बिरुदेवला सांगितलं, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्याकडं असं बघितलं की दगडालाही कळलं असतं.

"लई भारी," तो म्हणाला. "पेढे कुटं हायत?" आणि आधीच घट्ट असलेला एक नट तो पुन्हा आवळत बसला.

उत्तर कळवायचा शेवटचा दिवस उजाडला. पेटी काढून न्यायची म्हणून राजेश्वरी डीपीवर चढली, पेटी काढली, उतरली. बिरुदेव वायरमन जोतिरामशी काहीतरी बोलत होता. तिच्याकडं वळूनही बघितलं नाही त्यानं. तिचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती तशीच रस्ता ओलांडून कडुलिंबाखाली गेली, झाडाकडं तोंड करून तिनं बहिणीला फोन लावला.

"नाही बोलला," ती कानडीत म्हणाली. "एक शब्द गं... 'थांबा' म्हणाला असता तर मी थांबले असते. खरंच सांगते. कॉलेजात शिकवलं असतं, पेटी माळ्यावर टाकली असती. मला तो हवाय. पण त्याला काही नाहीच त्याचं. आता पाठवते होकार आणि जाते."

ती वळली. मागं बिरुदेव उभा होता.

"थांब, आलाय," ती फोनमध्ये कानडीतच म्हणाली, नाक ओढत. "समोरच आहे. तोच निळा शर्ट." मग मराठीत, "काय सर?"

"तुमी 'उतरले' म्हणून सांगितलं न्हाय. डीपी बंद हाय. माग थांबलेत, कारखानदार माझ्या नावानं शंख करतोय."

"सगळ्यांनी बघितलं की मला उतरताना."

"बघितलं. सांगितलं न्हाय."

"उतरले," ती म्हणाली. "झालं?"

त्यानं मान हलवली, पण तो गेला नाही. घसा खाकरला, पायातल्या बुटाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "ननग कन्नड बरतैति री."

मला कानडी येते हो. एवढंच म्हणाला तो. राजेश्वरीला वाटलं, पायाखालची जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. फोनमधून बहीण 'हॅलो, हॅलो' करत होती. तिनं फोन बंद केला.

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासनं. पयली दोन वर्षं नोकरी अक्कलकोटला काढली. तितला आपरेटर चन्नवीर कानडी सोडून बोलायचाच न्हाय."

"म्हणजे तो निळा शर्ट..."

"बरा दिसतो म्हणालात. मग तसलेच अजून दोन शिवले."

तिला हसू आलं आणि रडूही. "सांगायचं नाही होय?"

"सांगितलं असतं तर तुमी बोलायचं बंद केलं असतं. मराठीत तर माझ्याशी नुसतं डीपीचं तेल आन् तापमानच बोलायच्या."

वारा तापलेला होता. कडुलिंबाचा बारीक फुलोरा तिच्या खांद्यावर पडत होता. तो झटकायला त्याचा हात उठला आणि मधेच थांबला.

"मग आत्ताचंही ऐकलंत," ती म्हणाली. "सगळं ऐकलंत. मग बोला की तेवढा एक शब्द."

बिरुदेवनं एकदा बंद डीपीकडं बघितलं. मग म्हणाला, "मला एम.टेक.ला जागा मिळाली हुती. पुण्याला. आई म्हणाली, थांब. एकदाच म्हणाली बिचारी. मी थांबलो. वंगाळ काय झालं न्हाय माझं, नोकरी हाय, मान हाय. पर तुमची पेटी बघितली की मला रात्री झोप लागत न्हाय, राजेश्वरी." तिला पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली होती. "तुमी मला हव्यात. लई हव्यात. पर त्यो शब्द माझ्या तोंडून येणार न्हाय. तुमी जावा. तीन वर्षं काय, मी हितंच हाय."

"आणि मला तिकडं करमलं नाही तर?"

"तर फोन करा. कानडीत. आता लपायचं कशाला?"

तो रस्ता ओलांडून गेला. जोतिरामला त्यानं हात केला, फ्यूज बसले, आणि क्षणात साऱ्या वस्तीचे माग एकदम खडखडू लागले. त्या आवाजात राजेश्वरीनं मेल उघडला, होकार लिहिला आणि पाठवून दिला.

लांब डीपीखाली निळा शर्ट उभा होता, तिच्याकडंच बघत. तो 'थांबा' म्हणाला नाही म्हणूनच आता याच्यावाचून दुसरं कुणी आपल्याला चालणार नाही, हे तिला पक्कं कळलं होतं. तरीही त्या उन्हात, त्या घटकेला, त्यानं धावत यावं आणि तेवढा एक शब्द म्हणावा, असं तिला फार... फार वाटत होतं.