आधीचा फोटो

सहा गोण्या, तोंडं बांधलेल्या.

तळ्यात उताणी तरंगणारी बाहुली.

लाखभर फॉलोअर्स.

एकच हातमोजा, डाव्या हाताचा.

“ताई, आधीचा फोटो काढलायस ना?” गोण्या बांधणाऱ्या पोरांपैकी एकाने विचारलं.

ताईने काढला नव्हता.

तळ्याचं पेज ती चालवायची. आधीचा घाणेरडा काठ, नंतरचा स्वच्छ काठ — दोन्ही शेजारी शेजारी टाकले की फोटोखाली लाल बदामांचा पाऊस पडायचा, आणि पुढच्या रविवारी कचरा उचलायला माणसं यायची. नुसता स्वच्छ काठ कोण बघणार? तिने सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि एक गोणी परत काठावर उपडी केली.

“टाका, टाका. लाजू नका.”

मागे तो उभा. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला. एका हातात नमुन्याच्या बाटल्या, दुसऱ्यात फोन... तिच्यावरच रोखलेला.

“तुम्ही — शूटिंग करताय?”

“झकास येतंय. तळं वाचवणाऱ्या बाई कचरा ओतताना.”

“हे बाहेर गेलं तर एक माणूस फिरकणार नाही इथे! प्लीज...”

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ.

“हा बघा, पुसला. आता पेजवर काय टाकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.” त्याने पँट दुमडली. “सरका, मीही उचलतो.”

वाऱ्याने एक पिशवी पाण्यात नेली. पिशवीमागे तो गुडघाभर चिखलात शिरला, आणि एक बूट तिथेच ठेवून बाहेर आला. ती पोट धरून हसली. तो बाटल्या भरायच्या विसरला.

संध्याकाळी तिने एकच फोटो टाकला. खाली लिहिलं — आधीचा काढायचा राहिला. खोटा करायला गेले, पकडले गेले.

बदाम मोजकेच. ‘सगळी नौटंकी,’ कुणीतरी लिहिलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग चेहरा नसलेल्या एका खात्यावरून — ‘पकडणारा मीच. काठ खरंच साफ झालाय. माझा बूट गेलाय.’

रविवारी चौघंच आले. आणि तो, चपला घालून.

“आज नमुने घ्यायचेत?”

“नाही.”

“मग?”

“बूट शोधायला...” त्याने कानामागे खाजवलं. “खरं सांगू? तुम्हाला बघायला.”

तिने भरलेल्या गोणीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

“हे अहो-जाहो बंद कर आधी,” ती म्हणाली. “मग दुसरं टोक मी धरते.”

त्यांच्या लग्नात फोटोग्राफर तासभर उशिरा आला.