शेजारच्या खोलीतले मणी

"मणी सावकाश सरकवा, कॉम्रेड रुआन. घाई रॉकेटला असते, आपल्याला नाही."

च्यू बोहंग यांचं ते पहिलं वाक्य अजून कानात आहे. पेकिंगचा वसंतातला वारा पिवळी धूळ घेऊन खिडकीतून घुसला, टेबलावरचे कागद उडाले, आणि एकाच कागदावर आम्हा दोघांचे हात पडले... त्यांनी हात लगेच काढला नाही. मीही—

परदेशातली मोठी नोकरी सोडून ते बोटीने मायदेशी आले होते. देशाचं पहिलं रॉकेट त्यांना उडवायचं होतं, आणि आकडेमोडीला आमच्याकडे होते फक्त अबॅकस, तारांवर मणी ओवलेल्या लाकडी चौकटी. एकच गणित आम्हा आकडेमोड करणाऱ्या मुलींपैकी दोघी दोन खोल्यांत वेगवेगळं करायच्या. उत्तरं जुळली तरच पुढे जायचं. बोहंग यांची गणितं तपासायला माझ्याकडे यायची.

पौर्णिमेला मी मांस खात नाही. ग्वानयिन देवीचं व्रत. देवधर्माचा बोभाटा करायचे दिवस नव्हते. पण भोजनगृहात त्या दिवशी ते मुकाट्याने स्वतःचा कोबी माझ्या वाडग्यात सरकवायचे आणि माझा मांसाचा रस्सा उचलायचे.

"तिथी कोण सांगतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"आमचं काम आभाळाकडे बघण्याचंच आहे ना."

मग शांघायहून फान यूलिंग आकडेमोडीला आली. तांबडा मफलर, खळखळून हसणं. आणि एके सकाळी बोहंग यांचे कागद माझ्या टेबलावर आलेच नाहीत. ते शेजारच्या खोलीत, यूलिंगकडे गेले.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडचे मणी माझ्या छातीत वाजायला लागले. टक्, टक्... ते तिच्या दारात उभे राहून बोलायचे, ती हसायची. तिची बोटं कोरड्या वाऱ्याने फुटून रक्ताळली होती, तरी ती थांबत नव्हती. आणि माझ्या मनात आलं — चुकू दे हिचा एखादा मणी.

माझ्याच अंगावर काटा आला. तिचा मणी चुकला, तर त्यांचं रॉकेट पडणार होतं. पेटीत लपवलेल्या ग्वानयिनच्या मूर्तीपुढे मी हात जोडले. म्हटलं, माझ्या मत्सराची दृष्ट तिच्या आकड्यांना लागू देऊ नकोस. त्या फुटलेल्या बोटांना मी स्वतः मलम लावीन.

वचन दिलं खरं, पण पाय शेजारी वळेनात.

पौर्णिमा आली. कोबी वाडग्यात आला. मी तो परत सरकवला.

"फान बाईंना द्या. हिशेब त्यांचा, तर कोबीही त्यांचाच."

ते गोंधळले. मग कानापर्यंत लाल झाले.

"घरच्या माणसाने घरच्याचा हिशेब तपासायचा नाही... हा नियम फळ्यावर कुणाच्या अक्षरात आहे?"

माझ्याच. पण तो नियम नवराबायकोंसाठी होता, आणि मी तर—

"मी लग्नाची परवानगी मागितलीय वरिष्ठांकडे," ते वाडग्याकडे बघत म्हणाले. "अर्ज गेला त्या दिवसापासून तुम्हाला माझे कागद देता येईनात."

"आणि मला कधी विचारणार होता?"

"आज. रॉकेटवाले ना आम्ही... उलटंच मोजतो."

हसू आवरेना. मी खाली बघून कोबीचं एक पान उचललं.

"उद्या वाळवंटात निघतोय. कुठे ते सांगता येत नाही, परत कधी तेही नाही. हे... हो समजू?"

"पुढच्या पौर्णिमांचाही कोबी माझाच," मी म्हटलं. "तुम्ही नसलात, तर येऊन फेडायचा."

ते माझा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

दुपारी भिंतीपलीकडे मणी पुन्हा सुरू झाले. त्यांच्या रॉकेटचे शेवटचे आकडे होते ते. मी ऐकत राहिले. मग पेटी उघडली, वचन दिल्यापासून देवीच्या पायाशी ठेवलेली, मलम भरलेली शिंपली मुठीत घेतली, आणि आवाज न करता शेजारच्या खोलीकडे निघाले.