रांजण उणा ठेवू नये

दक्षिण कोरियात, पांग्योतल्या त्या इमारतीत सातव्या मजल्यावर बारा नव्या कंपन्या होत्या आणि वर गच्चीवर एक रांजण. सिगरेट ओढायला येणारे त्याला आधी राखेचं भांडं समजले, तेव्हा बांग सोदामने त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली : ‘आत आमच्या घरची चार पिढ्यांची अब्रू आहे.’ त्यानंतर लोक जरा लांब उभे राहून धूर सोडू लागले.

सोदाम एका कंपनीची प्रमुख होती. थाक इनग्यू तिचा भागीदार. कॉलेजात तो तिच्या दोन वर्षं पुढे, म्हणून ती अजून त्याला ‘सनबे’ म्हणत असे. भल्यामोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने तीन वर्षांत एकच वस्तू बनवली होती, रांजणाचं झाकण. ऊन पडलं की उघडणारं, पाऊस यायच्या आत मिटणारं, आतल्या सोया सॉसचा वास, खारटपणा आणि पातळी मोजून फोनवर कळवणारं. जुने सहकारी भेटले की विचारत, “काय मग, झाकण बसलं का?” इनग्यू हसण्यावारी न्यायचा. पण मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत पातळी अचूक सांगणारं झाकण आपल्याशिवाय कुणाकडे नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

परदेशी जाऊ पाहणाऱ्या कंपन्यांना शंभर दिवस घासून-पुसून तयार करायचं, असा तिथला उपक्रम होता. बारांपैकी तिघांना सिंगापूरला सहा महिने जागा आणि गिऱ्हाइकांच्या ओळखी मिळणार होत्या. त्या सगळ्या पट्ट्यात सोया सॉस आणि माशांचा सॉस करणारे ढिगाने. निवड झाली तर झाकणाला जग मोकळं. नाही झाली, तर शरद ऋतूतल्या सणाआधी कंपनी बंद करायची, हे दोघांनी एका संध्याकाळी भाताचे वाडगे संपवता संपवता ठरवून टाकलं होतं.

रांजण दाम्यांगहून, सोदामच्या घराच्या मागच्या अंगणातून आणलेला. आतला सॉस ऐंशी-नव्वद वर्षांचा. दरसाल त्यात नवा घालायचा आणि जुना जपायचा, आपण विरजण जपतो तसा. घरात त्याला नुसतं ‘बीज’ म्हणत. ते सासूकडून सुनेकडे जायचं. सोदामची आई तीन वर्षांपूर्वी गेली, भावाचं लग्न नाही, म्हणून मालसुन आत्या ते सांभाळत होती.

“सुनेच्या हातात जायची वस्तू लेक घेऊन निघाली,” रांजण गाडीत चढताना आत्याने नाक मुरडलं. मग म्हणाली, “ने. पण जेवढं काढशील तेवढं त्याच दिवशी घाल. रांजण उणा ठेवू नये. आणि रोज पुसायचा.”

“रोज?”

“तुझी आई पहाटे पुसायची. स्वतःचं तोंड धुवायच्या आधी.”

मातीचा रांजण श्वास घेतो. आतलं मीठ पोटावर पांढरं फुलून येतं. ज्या घरचे रांजण लख्ख, त्या घरची बाई खरी, असं त्या गावात आजही मोजतात. सोदाम रोज नऊ वाजता फडकं घेऊन वर जायची. एक वाटी सॉस तपासणीसाठी काढायची, एक वाटी नवा घालायची, पुसायची आणि मग खाली येऊन उशिरा येणाऱ्यांवर करवादायची.

अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी इनग्यू आलेख पाहून वैतागला.

“ही रोजची भर बंद कर. रेघ करवतीसारखी दिसते. परीक्षकांना सरळ उतरती रेघ दिसली पाहिजे. एवढं काढलं, एवढं उतरलं. आपलं झाकण काय चीज आहे ते तेव्हाच कळेल.”

“सनबे, आत्या मला जिवंत सोडायची नाही.”

“आत्याला आलेख दाखवतंय कोण?”

सोदामला त्या आठवड्यात गिऱ्हाइकं गाठायला गावोगाव फिरायचं होतं. ती नाइलाजाने हो म्हणाली. किल्ली आणि फडकं इनग्यूच्या टेबलावर ठेवून गेली. फडकं तिथेच वाळून गेलं. आपलं काम मोजण्याचं, पुसण्याचं नाही, असा त्याचा हिशेब.

वाटी काढली की पातळी एक मिलिमीटर उतरायची. पहिल्या दिवशी उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर पुन्हा जिथल्या तिथे.

त्याने यंत्र बदललं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्याने सरळ बांबूची काठी आणली, रांजणात उभी धरली आणि पेन्सिलने रेघ मारली. वाटी काढली. दुसऱ्या दिवशी सॉस बरोब्बर पेन्सिलच्या रेघेवर होता.

पाऊस नव्हता. झाकण रात्रभर मिटलेलं होतं. गच्चीच्या दाराचं कुलूप कुणी उघडलं नव्हतं आणि कॅमेऱ्यात एक कबूतर सोडून कुणी नव्हतं. इनग्यूने खारटपणा तपासला, वास तपासला. भर पडली होती ती नव्या सॉसची नव्हती. झाकणाच्या नोंदीप्रमाणे ते नव्वद वर्षांचं बीजच होतं.

नोंदीत वेळही होती. रोज पहाटे पाच चाळीस. सात मिनिटांत एक वाटी.

सातव्या दिवशी तो पाच वाजून वीस मिनिटांनी गच्चीवर जाऊन बसला. हातात कॉफी होती. उजाडत होतं, खालच्या रस्त्यावर पहिली बस वळत होती. पाठीमागे वातानुकूलन यंत्रांची घरघर होती. पाच चाळीसला ती थांबली नाही, काही हललं नाही. फक्त ओल्या मातीचा वास आला. आधी थोडा, मग भरपूर.

तो उठून रांजणापाशी गेला.

रांजण ओला होता. गळ्यापासून बुडापर्यंत, पुसल्यासारखा. आठवडाभरात साचायला हवं होतं ते पांढरं मीठ कुठेच नव्हतं. खालची फरशी कोरडी ठणठणीत. त्याने वाकून भिंतीकडची बाजू पाहिली. तिथे जेमतेम चार बोटं जागा होती. तीही पुसलेली होती.

फोनवर पातळी भरलेली दिसत होती. त्याच्या अंगावर काटा आला, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याच क्षणी त्याला आपल्या झाकणाचं कौतुकही वाटलं. आठवडाभर ते एकटंच खरं बोलत होतं.

सोदाम परतली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

“मागची बाजू ओली होती?”

“वाळत आली होती. पुढची मात्र अजून ओलीच होती.”

सोदामने टेबलावरचं वाळलेलं फडकं उचललं. “आई मागूनच सुरुवात करायची,” ती म्हणाली. “म्हणायची, पुढचं काय, लोक बघतात म्हणून कुणीही पुसेल.”

उपक्रमाचे मुख्य मेंगसाहेब. माणूस प्रेमळ, पण शंभर कंपन्या पाहून बनेल झालेला. रंगीत तालमीत रोज सकाळच्या पातळीची सपाट रेघ पाहून त्यांनी चष्मा काढला.

“वीस वाट्या काढल्या आणि थेंब उतरला नाही? यंत्र बिघडलंय म्हणतील. पातळीचा रकानाच उडवा. वास आणि खारटपणा दाखवा, टाळ्या घ्या, सिंगापूर गाठा.”

रकाना उडवला तर इनग्यूची तीन वर्षं उडत होती. ठेवला तर सिंगापूर.

“नाही, साहेब,” सोदाम म्हणाली. “आमच्याकडे मागची बाजू आधी पुसतात.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे रकाना राहील.”

शंभराव्या दिवशी तिने तो आलेख भिंतीएवढा करून दाखवला. सभागृहात चुळबुळ झाली. सिंगापूरहून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, “रोज काढताय, तरी कमी होत नाही. येतं कुठून?”

“माहीत नाही,” सोदाम म्हणाली. “दोन यंत्रांनी मोजलं, बांबूच्या काठीने मोजलं. माझ्या भागीदाराचं झाकण खोटं बोलत नाही, एवढं माहीत आहे. आणि आमच्या घरात रांजण उणा ठेवत नाहीत.”

मागच्या रांगेत इनग्यूची छाती अशी भरून आली की त्याला खाली मान घालावी लागली. परीक्षक बाईंनी चमच्यावरचा थेंब जिभेवर ठेवला आणि चमचा पुन्हा पुढे केला. निकालात तिसरं नाव या दोघांचं होतं. मेंगसाहेबांनी दोघांना मिठी मारली. “मी सांगत होतो ना,” ते म्हणाले, आणि सोदामने ते ऐकून घेतलं.

रांजण दाम्यांगला आत्याकडे परत गेला. सिंगापूरला गेली ती फक्त एक बाटली बीज. चौदाव्या मजल्यावरच्या खोलीत नवा, गुडघ्याएवढा रांजण मांडला, तिथलाच सॉस भरला, त्यात बाटली रिकामी केली. वर झाकण. पहिल्या संध्याकाळी परीक्षक बाईंसाठी त्यातली एक वाटी काढली. भर उद्या घालू म्हणून दोघंही दमून झोपायला गेले.

सकाळी सात वाजता इनग्यूने खोली उघडली आणि आधी आलेख पाहिला.

पातळी भरलेली होती. वेळ, चार चाळीस.

त्याने मनात आकडा पुढे सरकवला. दाम्यांगचं घड्याळ इथल्यापेक्षा एक तास पुढे.

रांजण ओला होता. मागून वाळत आलेला.

सोदामचा फोन वाजला. आत्या होती. सोदामने तो मोठ्या आवाजावर टाकला.

“पोचलात का गं नीट?”

“पोचलो, आत्या. का?”

“काही नाही. आज इथला रांजण कोरडाच होता. तीन वर्षांत पहिल्यांदा मला पुसावा लागला.” तिच्या आवाजात रडू नव्हतं, उलट जरा ताठा होता. “आपल्या घरातलं कुणी समुद्रापलीकडे गेलं नव्हतं. जपा. रांजणाजवळ पाण्याची वाटी ठेवा. लांबून आली आहे.”

फोन बंद झाल्यावर दोघंही एकमेकांकडे पाहायचं टाळत राहिले. मग इनग्यूने एक पांढरी वाटी धुतली, पाण्याने भरली आणि रांजणाजवळ ठेवली. ठेवल्यावर सवयीने त्याने वाटीच्या आत, पाण्याच्या कडेला, पेन्सिलने रेघ मारली.

दहा वाजता त्याने पाहिलं, तेव्हा पाणी रेघेच्या दोन बोटं खाली होतं.