मोसंबीवरचा बर्फ

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, आमच्या मोसंबीच्या बांधावर एक माणूस गुडघे टेकून बसला होता. फेब्रुवारी संपत आला होता, बागेला बहर होता आणि हसनाबादच्या त्या सगळ्या शिवारात फुलांचा गोड वास भरला होता. मी वडिलांचा, अप्पांचा, डबा घेऊन चालले होते. वाटलं, बिचाऱ्याला चक्कर आली... जवळ जाऊन बघते तर पुढ्यात तिपाईवर कॅमेरा!

"या उन्हात फोटो काढून राह्यले? सकाळ काय झोपेत गेली का?"

"या कॅमेऱ्याला हेच ऊन लागतंय," तो वळून हसला. मी उगाच डबा या हातातून त्या हातात घेतला.

त्याचं नाव अंगद. टेंभुर्णीला त्याचा स्टुडिओ. लग्नसराईत नवरा-नवरी, आणि रिकाम्या दिवसांत हे वेड. जुना कॅमेरा त्यानं असा बदलून घेतला होता, की डोळ्याला न दिसणारा उजेड त्यात उतरायचा. हिरवं पान त्यात पांढरं दिसतं, म्हणाला, आणि फोटो दाखवला. आभाळ काळंशार, आणि बाग बर्फात न्हालेली! रोज शेणाची पाटी घेऊन मी ज्या वाटेनं जाते, ती वाट कुठल्या परक्या मुलखातली वाटत होती. मला माझ्याच शेताचा हेवा वाटला.

"माझा काढा की एक."

"न्हाई. यात माणसं भुतासारखी दिसतात." मग हळूच — "तुम्हाला भूत करायला हात धजत न्हाई."

त्या दिवशी डबा अप्पांकडे गार होऊन पोचला.

त्यानं तो फोटो गावाच्या नावानिशी मोबाइलवर टाकला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हाहाकार. शहरातल्यांना त्यात बर्फ दिसला असेल, आमच्याकडे पांढऱ्या बागेचा अर्थ एकच... गारपीट. वाटूरची आत्या तर फोनवर रडायलाच लागली. सगळ्यांना समजावून अप्पांचा घसा बसला. तसेही ते चिडलेलेच होते. विहिरीकडची सात झाडं गेल्या उन्हाळ्यात वाळली होती, आणि सोमवारी ती उपटायला त्यांनी जेसीबी सांगितला होता. ती ओळ माझ्या आईनं, वंदनानं, लावलेली. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती झाडं गेली की तिच्या हातचं काही उरणार नव्हतं. मी दोन दिवस अप्पांशी अबोला धरला होता.

अंगद स्वतःहून माफी मागायला आला, मोठा छापलेला फोटो घेऊन. अप्पांनी त्याला यथेच्छ झापलं. त्यानं खाली मान घालून सगळं ऐकलं, कान मात्र लाल झाले. मग अप्पांनी चष्मा लावला आणि फोटोत आपली बाग झाडाझाडानं बघत गेले. वाळक्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. सगळी ओळ काळी, आणि तिसऱ्या झाडाच्या बुडाशी एक पांढरा ठिपका.

"हा डाग कशाचा?"

"डाग न्हाई काका. पान असंल."

अप्पा तसेच उठले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. बुडाजवळचं वाळकं गवत बाजूला केलं तर करंगळीच्या नखाएवढी दोन पानं. अप्पांनी खोडावरची माती पुसली, कलमाचा सांधा चाचपला. सांध्याखालून फुटलं तर ते जंगली खुंटाचं, आईच्या मोसंबीचं नव्हे.

"कलमाच्या वर फुटलंय, अर्पे," ते म्हणाले आणि तिथंच बसले. "जीव हाय यात. आम्ही उपटून राह्यलो होतो."

बाकीच्या झाडांपाशी वाकून बघितलं. अजून दोन फुटलेली होती. जेसीबीला तिथूनच फोन गेला. मी अंगदसमोर ढसाढसा रडले, आणि आभार मानायचे तेवढे राहून गेले.

सोमवारी तो पुन्हा आला. मी त्या झाडाला पाणी घालत होते. त्याच्या गळ्यात वेगळा कॅमेरा होता.

"तो न्हाई आणला?"

"आज साधा आणला." तो पट्ट्याशी चाळा करत राहिला. "बाग निराळी करून बघितली... तुम्हाला मात्र हाय तसंच बघायचंय. रोज. तुमची हरकत नसंल तर."

तांब्यातलं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

"आईला परत दिलंस तू मला," मी म्हणाले. "हरकत कशी घेऊ? फक्त ते तुम्ही-तुम्ही बंद कर, अंगद."

तेव्हाच त्यानं बटण दाबलं. तो फोटो आता आईच्या फोटोशेजारी आहे. त्यात माझी ओढणी वाकडी आहे, डोळे ओले आहेत, आणि पायाशी ती दोन पानं... साधी, हिरवीगार.