पटावरचं नाव

माझा धाकटा भाऊ जयराम रायगडातल्या चाफेवाडीत शिक्षक आहे. डोंगरावरची ठाकरवाडी, चौथीपर्यंतची सरकारी शाळा, एकटा गुरुजी. दिवाळीनंतर आईबाप पोरांना घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पट घसरतो. यंदा तो नऊवर आला.

"दादा, दहा तरी हवेत, नाहीतर शाळा बंद करतील. स्पृहाचं नाव दे. फक्त कागदावर."

मी कुवेतला बँकेत सर्व्हर सांभाळतो. खोट्या नोंदींची मला चीड आहे. पण भाऊ पडला. इथे सलव्यातल्या घरी बसून मी लेकीचं आधार कार्ड त्याला पाठवून दिलं.

शुक्रवारी इथे सुट्टी. नाश्ता करता करता स्पृहा एकदम ताठ बसली. "हजर, गुरुजी!"

एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी आठ वर्षांची पोर! माझी बायको सुजाता आणि मी पोट धरून हसलो. घड्याळात साडेसात झाले होते. तिकडे दहा, म्हणजे हजेरीची वेळ.

रविवारी इथल्या शाळेचा मेसेज आला, स्पृहा गैरहजर. मी स्वतः तिला फाटकात सोडलं होतं. सिस्टीमची चूक असणार, मी सुजाताला म्हणालो. सोमवारी पुन्हा तोच मेसेज. मंगळवारी तिच्या शेजारी बसणाऱ्या सनाने तिला ओळखलंच नाही.

बुधवारी निघायला उशीर झाला. शाळेसमोर गाडी थांबवली, तेव्हा साडेसात झाले होते. मागच्या सीटवर स्पृहा पेंगत होती.

"बाबा, पाय दुखतात," ती मराठीत म्हणाली. "चढ फार आहे."

आमच्या घरापासून शाळेपर्यंत रस्ता पाटासारखा सपाट आहे. मी घाबरलो. जयरामला व्हिडिओ कॉल लावला.

"काय रे दादा, न कळवता आलात होय? वहिनी कुठंय?"

त्याने फोन फिरवला. बस्करपट्टीवर मुलं बसली होती. टोकाला स्पृहा, इथल्या गणवेशात. माझ्याकडेच बघत होती.

"जयराम, तिचं नाव खोड."

"अरे, पण..."

"खोड आधी!"

पेन कागदावर खरखरलं.

"खोडलं."

बस्करपट्टीचं टोक रिकामं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मी मागे वळलो.

रिकाम्या सीटवर सीटबेल्ट मी लावला होता तसाच लागलेला होता.